मसूर स्टेशनवरचा प्रश्न आणि महाडचं भाषण

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, भाषणाने खरंच काही बदलतं का? की आपण फक्त टाळ्या वाजवतो, स्टेटसला क्लिप लावतो आणि झोपतो?" प्रश्न मला आवडला, कारण मलाही तो पडतो. आजचा एपिसोड त्याच प्रश्नावर आहे. नेहमीप्रमाणे ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

नागरी हक्कांचं भाषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन येतं. १९६३ साल, लाखोंची गर्दी, मार्टिन ल्युथर किंग. युट्यूबवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण आपण आज सुरुवात करणार आहोत पुणे-मिरज लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनपासून. कराडच्या अलीकडे मसूर लागतं. तुम्ही साताऱ्याकडून कराड-सांगलीला रेल्वेने गेला असाल, तर ते तुमच्या खिडकीतून मागे गेलंय. बहुतेक तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये असाल. मीही असायचो.

"तुम्ही कोण?"

साल १९०१. उन्हाळ्याची सुट्टी. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर स्टेशनवर साताऱ्याहून आलेली काही पोरं उतरली. नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, पायात नवे बूट. त्यांचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशिअर होते. तिथे सरकारने दुष्काळी काम म्हणून तलाव खोदायला घेतला होता. वडिलांना भेटायला ही पोरं निघाली होती. पत्र आधी पाठवलेलं, पण गड्याने ते वडिलांना दिलंच नाही, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही.

पोरांमधला एक नऊ-दहा वर्षांचा होता. शाळेतलं नाव भिवा. पुढे जग त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखणार होतं.

स्टेशन मास्तर जवळ आला. चांगल्या घरातली पोरं दिसतात म्हणून आपुलकीने विचारपूस केली. कुठे जायचंय, तुम्ही कोण? भिवा पटकन बोलून गेला की आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार.

रात्र झाली. सोबत जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत टोलनाका लागला. गाडीवाल्याने सांगून ठेवलेलं की तिथे मुसलमान आहोत म्हणून सांगा, म्हणजे कदाचित पाणी मिळेल. भिवाने उर्दूत पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला इतके बारकावे माहीत आहेत. साताऱ्याच्या शाळेतलंही लिहिलंय. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचं नाव दाखल झालं. बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलं तरच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच.

इथे थोडं थांबूया. "तुम्ही कोण?" हा प्रश्न साधा आहे. पण भिवाला त्या दिवशी दोनच उत्तरं उपलब्ध होती. खरं सांगितलं तर पाणी नाही. खोटं सांगितलं तर कदाचित पाणी. तिसरं उत्तर समाजाने ठेवलेलंच नव्हतं. माझं म्हणणं असं आहे की बाबासाहेबांची नंतरची मोठी भाषणं म्हणजे हे तिसरं उत्तर तयार करण्याचं काम होतं.

घाट उतरून महाडला

सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरलात की पोलादपूर, आणि तिथून पुढे महाड. बाइकवाल्यांना हा रस्ता पाठ असेल. मसूरच्या त्या रात्रीनंतर २६ वर्षांनी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली.

थोडी पार्श्वभूमी. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तळ्यावर मुसलमान, ख्रिश्चन जात होते, गुरंढोरं पाणी पीत होती. पण ज्यांच्यासाठी ठराव केला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत कुणी गेलं नव्हतं. जाण्याची हिंमतच नव्हती. त्या परिषदेसाठीसुद्धा चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. तळं खुलं आहे असा ठराव असलेल्या गावात!

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर परमिशन दिलेली होती, पण लॉगिन करायला कुणी धजावत नव्हतं.

मग १९ मार्चच्या भाषणात बाबासाहेब काय बोलले? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलो. मला वाटलेलं, सवर्णांवर आग ओकली असेल. पण भाषणाचा मोठा भाग समोर बसलेल्या स्वतःच्याच माणसांना उद्देशून आहे. त्यांनी कोकणातलं जुनं दिवस आठवले. महार पलटणीत होते, सुभेदार-जमादार होत होते, शिकत होते, आणि सैन्यभरती बंद झाल्यावर ती वाट कशी बंद झाली ते सांगितलं. मग थेट मुद्द्यावर आले. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाणं सोडा. जमीन मिळवा, पोरांना शिकवा. आपली पोरं आपल्यापेक्षा चांगल्या स्थितीत जावीत असं ज्या आईबापांना वाटत नाही, त्यांच्यात आणि जनावरात फरक काय, असा त्यांचा रोख होता.

हे ऐकायला कडू आहे. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर लोक उठून गेले असते. पण बोलणारा गोणपाटावर बसलेला होता, तहानलेला झोपलेला होता. ऐकणाऱ्यांना ते माहीत होतं. आणि या कडूपणाच्या तळाशी एक विश्वास होता: तुम्ही बदलू शकता, म्हणून तर तुम्हाला सांगतोय.

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, लोक रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पाणी प्यायले, मागोमाग बाकीचे प्यायले. तीन वर्षं ठरावाने जे झालं नव्हतं, ते त्या परिषदेने एका दिवसात केलं.

शब्दांनी थांबवणंही असतं

त्यानंतर जे घडलं तेही माहीत हवं. गावात अफवा पसरली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव काठ्या घेऊन आला. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत बसलेल्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्यावर चिडलेले लोक गोळा झाले. त्यात सैन्यात नोकरी केलेले होते. एक शब्द निघायचा अवकाश होता. तो शब्द बाबासाहेबांनी काढला नाही. त्यांनी लोकांना आवरलं, शांतपणे गावाबाहेर काढलं, आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचलं.

गावाने मग गोमूत्र, शेण वगैरे ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. महाडच्या भाषणाने महाडचे सवर्ण बदलले का? नाही. उलट ते जास्त कडवे झाले. मग भाषण फसलं का?

याचं उत्तर डिसेंबरमध्ये मिळतं. २५ डिसेंबर १९२७ ला पुन्हा परिषद भरली, यावेळी कितीतरी मोठी. गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर मांडव पडला. मार्चमध्ये मार खाल्लेले लोक पुन्हा आले होते, आणखी हजारोंना घेऊन. पहिल्या भाषणाचा निकाल हा होता.

या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मेलेलो नाही. आपण तिथे जाणार आहोत ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला. आणि मग त्यांनी महाडच्या त्या मांडवाची तुलना केली १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी. विचार करा, समोर बसलेत शेतमजूर, गिरणी कामगार, पेन्शनर शिपाई. अनेकांना सही करता येत नाही. आणि हा माणूस त्यांना सांगतोय, तुमची सभा आणि व्हर्सायची सभा एकाच कामासाठी भरली आहे. त्यांना तो खाली उतरून सोपं करून सांगत नाही, त्यांना जगाच्या इतिहासात बसवतो. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असा जाहीरनामाच त्या परिषदेत मांडला गेला. मसूरच्या प्रश्नाचं तिसरं उत्तर हेच होतं.

त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. हे नाव डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता खरी परीक्षा. परिषदेच्या आधीच विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता: तळं खाजगी आहे, अस्पृश्यांनी जाऊ नये. जिल्ह्याच्या कलेक्टरने मांडवात येऊन लोकांना समजावलं. लोक मात्र तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. हजारोंनी नावं नोंदवली होती. अशा तापलेल्या गर्दीला 'चला' म्हणायला फार मोठा वक्ता लागत नाही. 'थांबा' म्हणायला लागतो. बाबासाहेबांनी त्यांना पटवलं की सरकार आपल्या विरोधात नाही, कोर्टाचा निकाल येऊ दे, सत्याग्रह तहकूब करू. लोकांनी ऐकलं. तळ्याभोवतीने मिरवणूक काढली आणि परतले.

निकाल लागायला दहा वर्षं लागली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने विरोधकांचं अपील फेटाळलं. अस्पृश्यांना दूर ठेवायची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही.

लुगड्याची लांबी

महाडचं माझ्या सगळ्यात जवळचं भाषण मात्र वेगळंच आहे. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब बायकांशी बोलले. मोठं व्यासपीठ नाही, फ्रान्स नाही. विषय काय, तर लुगडं आणि दागिने. तुमची जात तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून, कथलाच्या जाड दागिन्यांवरून ओळखू येते. ही ओळख टाकून द्या. लुगडं घोट्यापर्यंत नेसा. घरात मेलेल्या जनावराचं मांस शिजू देऊ नका. नवरा किंवा पोरगा दारू पिऊन आला तर दार उघडू नका. मुलींनाही शिकवा.

आणि दुसऱ्या दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून आल्या, अशी नोंद आहे.

एका रात्रीत! ना कोर्ट, ना कौन्सिल. ऐकणारीच्या हातात जे होतं तेच तिला करायला सांगितलं, आणि तिने केलं. पण त्याला छोटं समजू नका. सकाळी तसं लुगडं नेसून गल्लीत निघणं म्हणजे अख्ख्या गावाशी न बोलता वाद घालणं होतं.

थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. ५ डिसेंबर १९५५, माँटगोमेरी शहर. बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा दिली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली होती. त्या रात्री चर्चमध्ये २६ वर्षांचा किंग बोलायला उभा राहिला. तयारीला जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती. समोर होते त्याचेच लोक, दमलेले, नोकरी जाईल म्हणून घाबरलेले. त्या भाषणाने बसकंपनी बदलली नाही. पण समोरचे लोक पुढे ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. कामाला पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. तिथेही पटवायचं होतं ते आधी आपल्याच माणसांना.

वाटेगावचा माणूस

परत आपल्याकडे. सांगली जिल्हा पूर्वी वेगळा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. याच भागातल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० ला अण्णा भाऊ साठे जन्मले. मांग समाजातलं घर. शाळा दीड दिवसाची. घरचे पोट भरायला वाटेगावहून मुंबईला गेले ते पायी.

या भागाला सभा ऐकायची सवय जुनी आहे. सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरायचे. तमाशाचा बाज, विषय मात्र भटशाही, सावकारी, शिक्षण. पुढे येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील शेतकऱ्याच्या बोलीत बोलायचे आणि माणसं मैलोन्‌मैल चालत यायची. पुस्तकी मराठी न येणारा माणूसही मोठं बोलू शकतो, हे इथल्या मातीला आधीच माहीत होतं. अण्णा भाऊंनीही १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगारांपुढे डफावर थाप मारून हेच केलं.

२ मार्च १९५८ ला मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होते दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ. त्या भाषणात त्यांनी एक साधी गोष्ट उलटी केली. पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर आहे, असं आपल्याला आजी सांगते. अण्णा भाऊ म्हणाले की नाही, ती कष्ट करणाऱ्या दलितांच्या तळहातावर तोललेली आहे.

ही ताकद बघा. ऐकणाऱ्याला शेषनाग माहीत आहे, नवीन शिकवायचं काही नाही. फक्त नाग काढला आणि तिथे त्याचाच हात ठेवला. ज्या हाताचा स्पर्श नको म्हणून शिपाई वरून पाणी ओतायचा, तोच हात. 'तुम्ही कोण?' याचं हेही एक उत्तर. पुढच्याच वर्षी आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

आता आपण

एपिसोड इथेच संपवणार होतो. पण एक गोष्ट सांगितली नाही तर तो खोटा होईल.

चार वर्षांपूर्वी पुण्यात मी आणि माझा एक मित्र भाड्याने फ्लॅट बघत होतो. एकच कॉलेज, एकच कंपनी, पगार सारखाच. एका ठिकाणी सगळं ठरलं. मालक चहा पाजत गप्पा मारत होते. मग अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" माझं सांगितलं, ते हसले. मित्राने त्याचं सांगितलं. मालकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, घरच्यांना विचारून कळवतो. फोन आला तो रात्री, फक्त मला. "तुम्ही एकटे येत असाल तर बघा."

मी तिथे राहायला गेलो नाही. पण मालकांना काही बोललोही नाही. "नको, दुसरीकडे मिळालं," एवढंच म्हणालो. मित्राला सांगितलं की भाडं वाढवून मागतायत. त्याने मान हलवली. त्याला कळलं होतं आणि मला ते कळलं होतं. आम्ही त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही.

हा एपिसोड तयार करताना मसूरच्या त्या स्टेशन मास्तरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे येत होता, तो त्या मालकांचाच. आणि मला आठवले सहस्रबुद्धे. महाडात आणखीही काही लोक होते: अनंतराव चित्रे, आणि महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस. या लोकांवर अन्याय झालेला नव्हता. पण ते आपल्याच घरच्यांसमोर, आपल्याच गल्लीत उभे राहून बोलले. बाबासाहेबांना त्यांच्या माणसांना पटवायचं होतं. ते त्यांनी केलं. माझ्या माणसांशी बोलायचं काम त्यांचं नव्हतं, माझ्या मित्राचंही नव्हतं. ते माझं होतं. त्यासाठी व्यासपीठ लागत नव्हतं, एक फोन पुरला असता.

म्हणून त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर. भाषणाने बदलतं, दादा. पण विरोधक एका भाषणाने बदलत नाही. ऐकणारा बदलतो, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काही वेगळं केलं तर. महाडच्या बायकांनी लुगडं बदललं. माँटगोमेरीचे लोक पायी चालले. आपण क्लिप लावून झोपलो, तर दोष भाषणाचा नाही.

७ नोव्हेंबर, भिवाचा शाळेतला पहिला दिवस, महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या आसपास साताऱ्यात असाल तर राजवाड्याजवळच्या त्या शाळेवरून एक चक्कर मारा. आणि तुमच्यासमोर कुणी कुणाला 'आडनाव काय?' असं त्या विशिष्ट सुरात विचारलं, तर तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला जरूर लिहून पाठवा. गप्प बसला असाल, तर तेही पाठवा.

मी आज माझ्या मित्राला हा एपिसोड पाठवतोय. सगळ्यांच्या आधी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.